मशीन शेवटी घ्या: नवी मुंबईत प्लास्टिक पुनर्वापराच्या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी

महापे एमआयडीसीत माझा एक छोटा गाळा आहे. पेटच्या, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांना वापरतात त्या पारदर्शक प्लास्टिकच्या, रिकाम्या बाटल्या घ्यायच्या, निवडायच्या, दळायच्या, धुवायच्या आणि चुरा विकायचा, असं काम. महिन्यातून दोन-तीन तरुण तरी भेटायला येतात. कोणी ऐरोलीतल्या कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसून कंटाळलेला असतो. कोणाच्या वडिलांचं दिवा-शीळ रोडला भंगाराचं दुकान असतं आणि पोराला आता त्याचा कारखाना करायचा असतो. चहा यायच्या आत पहिला प्रश्न येतो, "दादा, ग्राइंडर केवढ्याला पडतो?"

ग्राइंडर म्हणजे बाटल्या दळायचं मशीन. मी सांगतो, मशीन सगळ्यात शेवटी घे. या धंद्यात हात पोळलेले मी पाहिलेत. त्यांनी आधी कर्ज काढून मशीन आणलं, मग माल शोधला आणि नोटीस आल्यावर कागद करायला धावले. ज्या क्रमाने काम केलं तर पैसा आणि झोप दोन्ही शाबूत राहतात, तो क्रम इथे मांडतोय. माझा अनुभव पेटचा आहे, पण एचडी, पीपी अशी दुसऱ्या जातीची प्लास्टिकं किंवा दुधाच्या पिशव्या घेणाऱ्यालाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी गिऱ्हाईक ओळखा

भंगाराचा धंदा आपल्याकडे नवा नाही. धारावीतलं तेरा कंपाउंड काय किंवा शिळफाट्याची गोदामं काय, सरकारने काही सांगायच्या कितीतरी आधीपासून तिथे प्लास्टिकचा दाणा, म्हणजे चुरा वितळवून केलेले बारीक मणी, निघतोय. सरकारने अलीकडे जे केलं ते वेगळं आहे: कंपन्यांना गिऱ्हाईक व्हायला भाग पाडलं.

त्याला ईपीआर म्हणतात, म्हणजे विस्तारित उत्पादक जबाबदारी. जो बाजारात प्लास्टिकचं पॅकिंग आणतो, त्यानेच ते परत गोळा करून मार्गी लावायचं. हा विचार २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांतच होता. पण कोणी, किती आणि कधीपर्यंत हे पक्कं झालं ते १६ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने. तिने पॅकिंगचे गट पाडले. बाटल्या, डबे असं कडक प्लास्टिक पहिल्या गटात. पिशव्या, पाऊच असं लवचिक प्लास्टिक दुसऱ्यात. प्लास्टिकसोबत कागद किंवा ॲल्युमिनियमचा थर असलेलं पॅकिंग तिसऱ्यात. चौथा गट कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचा.

पहिल्या गटातल्या मालाचा किमान ५० टक्के पुनर्वापर २०२४-२५ मध्ये व्हायला हवा होता. तिथून दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढत २०२७-२८ मध्ये तो ८० टक्क्यांवर जातो. दुसऱ्या-तिसऱ्या गटाचं ३० वरून ६० टक्क्यांवर. याशिवाय नव्या पॅकिंगमध्ये पुनर्वापराचं प्लास्टिक किती मिसळायचं, तेही त्याच अधिसूचनेत आहे: कडक प्लास्टिकसाठी २०२५-२६ ला ३० टक्क्यांपासून सुरुवात आणि २०२८-२९ ला ६० टक्के. या नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून आकडे पाठ करू नका, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर दर तिमाहीला बघत जा.

याचा अर्थ तुमच्या गाळ्यातून दोन गोष्टी विकल्या जातात. एक माल, म्हणजे चुरा किंवा दाणा. दुसरं प्रमाणपत्र. तुम्ही नोंदणीकृत असाल आणि पक्क्या बिलाने माल विकला असेल, तर तेवढ्या वजनाचं ईपीआर प्रमाणपत्र पोर्टलवर तयार होतं आणि ज्या कंपनीला आपलं उद्दिष्ट पुरं करायचं आहे ती ते विकत घेते. नवा माणूस या दुसऱ्या पैशाच्या मोहात पडतो. हिशेब मात्र नेहमी मालावर बसवा. नुसत्या मालावर धंदा तोट्यात जात असेल तर प्रमाणपत्राच्या भावावर तो टिकत नाही, कारण तो भाव बाजारातल्या पुरवठ्याप्रमाणे वरखाली होतो.

पहिला महिना निवडणीच्या टेबलावर

ही पायरी कोणालाच आवडत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. ओळखीच्या गोदामात एक महिना बिनपगारी बसा. हातमोजे घाला आणि निवडणाऱ्या बायकांच्या शेजारी उभे राहा.

मला हे तुर्भ्याच्या एका मावशींनी शिकवलं. वीस वर्षं त्या निवडणीच्या कामात होत्या. त्यांनी माझ्यासमोर दोन पारदर्शक बाटल्या ठेवल्या, दिसायला अगदी सारख्या. म्हणाल्या, "बूड बघ." एकीच्या बुडाला मधोमध छोटा गोल ठिपका होता, दुसरीच्या बुडावर आडवी शिवण. ठिपका असेल तर पेट, शिवण असेल तर बहुतेक पीव्हीसी, म्हणजे पाइपांना वापरतात ते प्लास्टिक. मग त्यांनी दुसरी बाटली दुमडली. घडीवर पांढरी रेघ उठली आणि तशीच राहिली. पीव्हीसी दुमडलं की पांढरं पडतं, पेट तसं पडत नाही. एवढं सांगून त्यांनी ती बाटली मागच्या गोणीत टाकली आणि पुढची उचलली.

हे एवढं का जपायचं? पेट वितळवायला २६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. त्या उष्णतेत पीव्हीसी जळतं, त्यातून आम्ल वायू निघतो आणि अख्ख्या मालात काळे-पिवळे ठिपके पडतात. धुतानाही ते वेगळं काढता येत नाही. बाटलीचं झाकण पीपी किंवा एचडीचं असतं. ते पाण्यावर तरंगतं, आपोआप सुटतं. पेट बुडतं. पण पीव्हीसीही बुडतं, दोघांची घनता जवळपास सारखीच. म्हणजे जे काम पाणी करत नाही ते डोळ्यांनी आणि बोटांनीच करावं लागतं.

बाटल्यांपेक्षाही जास्त त्रास लेबलांचा. काही ज्यूस आणि एनर्जी ड्रिंकच्या बाटल्यांना अंगभर घट्ट बसवलेलं आवरण असतं, ते पुष्कळदा पीव्हीसीचं असतं. माझा पहिला ट्रक मी अशी आवरणं न काढताच दळला होता. धागा बनवणाऱ्या एका कारखान्याने तिसऱ्या दिवशी तो परत पाठवला. जाण्यायेण्याचं भाडं माझ्या माथी बसलं, आणि तो माल शेवटी पॅकिंगची पट्टी बनवणाऱ्याला निम्म्याहून कमी भावात द्यावा लागला. तेव्हापासून आमच्याकडे आवरणवाल्या बाटल्यांची वेगळी टोपली असते, आणि आवरण कापायची वाकडी सुरी त्या टोपलीलाच दोरीने बांधलेली असते.

या महिन्यात आणखी दोन गोष्टी शिका. एक, रंग: पांढरी पारदर्शक, हिरवी, तपकिरी यांचा भाव वेगवेगळा, आणि एक हिरवी बाटली पांढऱ्या मालाच्या पोत्याचा भाव उतरवते. दुसरी, ओल: पेट ओलं असताना वितळवलं की त्याची ताकद जाते. म्हणून चांगला खरेदीदार आधी मूठभर चुरा ओव्हनमध्ये ठेवून किती वजन घटतं ते बघतो. काटा करताना ओला माल घेऊ नका आणि विकताना ओला माल देऊ नका.

एकच माल निवडा

सगळं प्लास्टिक घेतो म्हणणारा गोदामवाला होतो, कारखानदार होत नाही. आपल्या भागात काय मिळतं ते बघा. महापे, ऐरोलीच्या कार्यालयांमधून पाण्याच्या बाटल्या येतात. एपीएमसीतून, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारातून, तुटक्या क्रेट येतात. सोसायट्यांमधून दुधाच्या पिशव्या येतात, त्या एलडी या मऊ प्लास्टिकच्या आणि चांगल्या मालाच्या, पण कोपरा कापून फेकला की तो तुकडा परत कधीच मिळत नाही. सोसायटीत सांगायला गेलात तर हे आवर्जून सांगा: कोपरा पूर्ण तोडायचा नाही, अर्धवट चीर द्यायची, पिशवी विसळून वाळवायची.

पुढे काय बनवायचं याच्या काही मर्यादा आधीच माहीत असाव्यात. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, तेव्हा दाण्यापासून कॅरीबॅग फुगवायचा विचार सोडा. देशभरात एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तू १ जुलै २०२२ पासून बंद झाल्या. खाण्याच्या वस्तूंना लागणारं पॅकिंग करायचं असेल तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या अटी पाळाव्या लागतात. ते मोठ्या भांडवलाचं काम आहे, सुरुवातीला नको.

जागा

ठाणे-बेलापूर पट्ट्यातला टीटीसी, म्हणजे रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, इथे गाळा महाग पडतो. शिळफाट्याकडे स्वस्त मिळतो. स्वस्ताला हरकत नाही, पण दोन गोष्टी बघूनच भाडेकरार करा. एक, त्या जागेत औद्योगिक वापर चालतो का, कारण नसेल तर प्रदूषण मंडळाची संमती मिळणारच नाही. दोन, आग. भंगाराच्या गोदामाला लागलेली आग सहजासहजी विझत नाही. गोण्यांच्या दोन रांगांत माणूस धावत जाईल एवढी वाट ठेवा, विजेची मुख्य पेटी मालापासून लांब घ्या आणि रात्री आत कोणाला झोपू देऊ नका. यात काटकसर करणाऱ्याबरोबर मी व्यवहार करत नाही.

धुण्याचं पाणी कुठे जाणार, हेही जागा बघतानाच ठरतं. टीटीसीत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे, त्याचं सभासदत्व घ्यावं लागेल आणि गाळ्यात स्वतःची गाळणी-टाकीही लागेल. नुसतं निवडून, दाबून गासड्या बांधून विकणार असाल तर पाण्याचा प्रश्नच येत नाही. पहिलं वर्ष तसंच काढा, असा माझा सल्ला.

कागदांचा क्रम

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, सगळ्यात आधी करा. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट होते. त्यासाठी पैसे मागणारा एजंट भेटला तर उठून या. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गटात मोडतो, म्हणजे आपण जवळजवळ सगळेच.

मग जीएसटी. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती. ती मशीन बसवायच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही. नवी मुंबईचं प्रादेशिक कार्यालय सीबीडी बेलापूरच्या रायगड भवनात आहे, ठाण्याचं वागळे इस्टेटला. अर्ज ऑनलाइन होतो, तरी एकदा प्रत्यक्ष जाऊन भेटा. तिथल्या अधिकाऱ्यांना तीन गोष्टी स्पष्ट सांगता आल्या पाहिजेत: दिवसाला किती माल, किती पाणी, किती विजेचा भार. संमतीचं शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, त्यामुळे सीएचं प्रमाणपत्र लागेल. उद्योग लाल, नारिंगी, हिरवा असा कोणत्या रंगाच्या गटात बसतो हे धुलाई आहे की नाही, दाणा काढताय की नाही यावर बदलतं. सुरुवातीला नुसती निवडणी दाखवून मागून गुपचूप धुलाई सुरू केली तर सगळी संमती धोक्यात येते.

गाळा एमआयडीसीत असेल तर अग्निशमनाचा दाखला एमआयडीसीकडून. मशीन बसलं की चालवण्याची संमती. ती हातात आल्यावर केंद्रीय मंडळाच्या ईपीआर पोर्टलवर प्लास्टिक प्रक्रियादार म्हणून नोंदणी. तिची छाननी राज्य मंडळच करतं, म्हणून संमतीपत्रातली क्षमता आणि पोर्टलवरची क्षमता तंतोतंत जुळली पाहिजे.

माल आणि माणसं

स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये नवी मुंबई देशात तिसरी आली. आपल्या दृष्टीने त्याचा उपयोग असा की इथल्या सोसायट्यांना ओला-सुका वेगळा करायची सवय आहे, आणि सुका कचरा खरंच बऱ्यापैकी सुका येतो. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या घनकचरा नियमांनी घरातच चार भाग करायला सांगितलेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. दिवसाला शंभर किलो किंवा जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्या, हॉटेलं, कार्यालयं यांच्यावर वेगळी जबाबदारी आहे. त्यांना सुका माल उचलणारा, वेळेवर येणारा, पावती देणारा माणूस हवाच असतो. तो तुम्ही व्हा. भाव एक रुपया कमी दिलात तरी चालेल, पण मंगळवारची गाडी मंगळवारीच पोहोचली पाहिजे.

कचरावेचक महिलांना टाळून हा धंदा उभा राहात नाही. स्त्री मुक्ती संघटनेसारख्या संस्थांनी मुंबई-नवी मुंबईत त्यांचे गट बांधलेत. त्यांच्याशी थेट बोला, आठवड्याच्या आठवड्याला पैसे द्या, काटा त्यांच्यासमोर करा. केंद्राच्या नमस्ते योजनेत २०२४ पासून कचरावेचकांचाही समावेश झाला आहे. तुमच्याकडे माल आणणाऱ्या बाईची त्यात नोंदणी झालेली नसेल तर अर्ज भरायला तुमच्या मुनिमाची अर्धी दुपार द्या.

जीएसटीचा फास

प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी ऑक्टोबर २०२१ मध्ये ५ वरून १८ टक्के झाला. दर बदलतात, चालू दर सीएला विचाराच. फास कुठे बसतो ते समजून घ्या. वेचक बाईकडे किंवा छोट्या भंगारवाल्याकडे जीएसटी नंबर नसतो. त्यांच्याकडून घेतलेल्या मालावर तुम्हाला तुमच्या करातून वजावट मिळत नाही. तुम्ही विकताना पूर्ण कर लावता आणि तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. खरेदीदार पैसे देतो दोन-तीन महिन्यांनी. म्हणजे दर महिन्याला विक्रीच्या अठरा टक्के तुमच्या खिशातून आधी जातात. चांगली चाललेली दोन गोदामं मी याच कारणाने बंद पडलेली पाहिली आहेत.

यावर दोन उपाय आहेत. खेळतं भांडवल किमान तीन महिन्यांचं ठेवा. आणि उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. २०२४-२५ या कर आकारणी वर्षापासून आयकरातही तशी तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. मार्चमध्ये त्यांच्या हिशेबनीसाला याची नम्रपणे आठवण करून द्या, धनादेश येतो. फक्त लक्षात घ्या, हे संरक्षण उत्पादकाला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही.

कर्जासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम बघा. उत्पादनाच्या नव्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत मर्यादा आहे. शहरी भागात सर्वसाधारण गटाला १५ टक्के, महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग यांना २५ टक्के अनुदान. ते अनुदान तीन वर्षं बँकेत अडकलेलं असतं, हातात रोख येत नाही, हे घरच्यांना आधीच सांगा. राज्याचाही मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात.

प्रमाणपत्र विकताना

२०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख खोटी प्रमाणपत्रं सापडली, आणि त्यात महाराष्ट्रातलीही होती. माल न दळता नुसता कागद विकण्याचा तो प्रकार. असे दलाल तुमच्याकडेही येतील. "तुमची क्षमता पडून आहे ना, आम्ही बिलं आणतो" असं गोड बोलतील. त्यांना दारातूनच परत पाठवा. खोट्या कागदांनी खऱ्या प्रमाणपत्राचाही भाव पडतो, आणि त्याची झळ दिवसभर उभं राहून बाटल्यांची बुडं बघणाऱ्या माणसांना बसते. मला या गोष्टीचा मनापासून संताप येतो.

स्वतःचं घर स्वच्छ ठेवायचं तर प्रत्येक खेपेची काटा-पावती, गाडीचा नंबर, माल वाहतुकीचं ई-वे बिल आणि विजेचं बिल एकाच फाइलीत ठेवा. तपासणीला आलेला माणूस विजेच्या युनिटवरून अंदाज बांधतो, कारण मशीन चाललं की वीज लागतेच.

प्लास्टिक नको असेल तर

असाच बाजार इतर मालांसाठीही उभा राहतोय. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून, बॅटऱ्यांचे २०२२ पासून, वापरलेल्या तेलाचे १ एप्रिल २०२४ पासून, जुन्या गाड्यांचे १ एप्रिल २०२५ पासून. लिथियम, कोबाल्टसारखी खनिजं जुन्या बॅटऱ्यांतून काढणाऱ्यांसाठी केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये दीड हजार कोटींची योजना मंजूर केली. यातली बहुतेक कामं घातक कचऱ्यात मोडतात, परवाने कडक, भांडवल मोठं. पहिल्यांदाच उतरणाऱ्याने तिकडे वळू नये.

आणि मग मशीन

वर्षभर निवडणी-गासडीचं काम केलंत, दोन पक्के खरेदीदार झाले, संमती हातात आली, की ग्राइंडर बघायला जा. जाताना आपला माल सोबत घ्या. दोन गोण्या विक्रेत्याच्या समोर, त्याच्याच मशीनमध्ये दळून बघा आणि चुरा मुठीत घेऊन उन्हात धरा. पावडर जास्त पडत असेल तर पाती किंवा जाळी बरोबर नाही, आणि ती पावडर धुताना तुमच्या डोळ्यांदेखत पाण्यातून वाहून जाणार. पात्यांना धार कोण लावून देणार, किती दिवसांनी, हे विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

मशीन सुरू झालं की पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्या. प्रत्येक लॉटमधला अर्धा किलो चुरा पिशवीत भरायचा, त्यावर तारीख, कोणाचा माल, कोणाला विकला ते मार्करने लिहायचं आणि सहा महिने फळीवर ठेवायचा. माल परत आला, भांडण झालं, तर ती पिशवी दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवा आणि दोघांनी मिळून बघा.